पंप वाढवण्याआधी कनेक्टिंग रॉड तपासा

ऊस हंगामाच्या तोंडावर सोलापूर भागात ट्रॅक्टर-ट्रकची इंजिनं उघडतात, आणि ‘पंप जरा वाढवून द्या’ ही मागणी हमखास येते. डिझेल पंप वाढवला, म्हणजे जास्त डिझेल सोडलं, की ज्वलनाचा दाब वाढतो. 105 मिमी बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) पिस्टनवर 150 बारला सुमारे 13 टन भार येतो, 180 बारला जवळपास 16 टन. हा भार पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला दाबतो, त्यामुळे धोका रॉडचा मधला दांडा वाकण्याचा.

रॉडची कॅप, म्हणजे क्रँकशाफ्टभोवती बसणारा सुटा अर्धा भाग, धरणाऱ्या बोल्टचं दुखणं वेगळं. एक्झॉस्टच्या शेवटी पिस्टन वर थांबून मागे फिरतो, तेव्हा बोल्टवर ताण येतो आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो: 2500 ऐवजी 3000 आरपीएम म्हणजे 44 टक्के जास्त. उतारावर खालच्या गिअरमध्ये भरलेल्या ट्रॉल्या इंजिनला ढकलतात, तेव्हा गव्हर्नर (वेगानुसार डिझेल कमी-जास्त करणारा भाग) डिझेल तोडतो, पण वेग रोखू शकत नाही. बोल्ट तुटला तर रॉड बहुधा ब्लॉक फोडूनच बाहेर येतो.

खोलताना प्रत्येक रॉड आणि कॅपवरचे नंबर पाहा. नसतील तर एका बाजूला खूण करा. कॅपची अदलाबदल कधीच नको. कारखान्यातच रॉडपासून तोडून वेगळी केलेली (फ्रॅक्चर-स्प्लिट) कॅप तर दुसऱ्या रॉडवर बसतच नाही.

डिझेलने धुऊन, पुसून कोरडा केलेला रॉड मॅग्नेटिक क्रॅक टेस्टला द्या. भेगा बहुधा बोल्टच्या बैठकीत, स्मॉल एंडच्या (पिस्टनकडच्या टोकाच्या) तेलाच्या भोकाजवळ किंवा दांड्याच्या कोपऱ्यात सुरू होतात. दांड्यावर ग्राइंडरचे आडवे ओरखडे असतील तर तिथूनच चीर जाईल. ते लांबीच्या दिशेने पॉलिश करून घालवा.

मग बेअरिंग न घालता कॅप पूर्ण टॉर्कला कसा आणि बिग एंडचं (क्रँकशाफ्टकडच्या टोकाचं) भोक बोअर गेजने तीन दिशांनी मोजा. गोलाई बिघडली असेल तर बेअरिंग चिमटतं, तेलाचा थर तुटतो आणि बेअरिंग आपल्या बैठकीतच फिरतं. वाक आणि पीळ जिगवर पाहा; 100 मिमीला 0.05 मिमी ही नेहमीची मर्यादा, तरी कंपनीच्या मॅन्युअलचा आकडा शेवटचा. लाइनर किंवा हेड गॅस्केट गळून सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल, तर त्या सिलिंडरचा रॉड आधी मोजा. पाणी दाबलं जात नाही. त्यामुळे डोळ्यांना सरळ दिसणारा रॉडही वाकलेला असू शकतो. वाकलेला रॉड प्रेसवर सरळ करून वापरू नका.

बोल्टमध्ये काटकसर करू नका. ठरलेल्या टॉर्कनंतर आणखी काही अंश मोजून फिरवत ताणायचे बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत. पान्याचा साधारण 90 टक्के जोर घर्षणात जातो. कोरडा किंवा गंजलेला आटा असेल तर टॉर्क पाना ‘कट’ म्हणतो, म्हणजे टॉर्क पूर्ण झाल्याचं सांगतो, पण बोल्ट ताणलेलाच नसतो. आट्यांना आणि डोक्याखाली मॅन्युअलमध्ये सांगितलेलं तेल लावा, दोन-तीन टप्प्यांत कसा. शेवटी बेअरिंगचा गाळा प्लास्टिगेजने (दाबून चपटी होणाऱ्या मऊ तारेने) पाहा: जर्नलच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या बेअरिंग बसणाऱ्या भागाच्या, दर मिलिमीटर व्यासाला सुमारे 1 मायक्रॉन.