किंग्ज गॅम्बिट खेळताय? या चुका टाळा

किंग्ज गॅम्बिट ही बुद्धिबळातली पांढऱ्याची सुरुवात: १.ई४ ई५ २.एफ४. दुसऱ्याच खेळीला एफ४ ढकललं की एक प्यादं पणाला लागतं, हे सगळ्यांना दिसतं. आपल्या राजापासून एच४ पर्यंतचा तिरपा रस्ता मोकळा झाला, हे मात्र घाईत निसटतं. स्पर्धेत पांढऱ्याचे बरेच डाव तिथेच पडतात.

सगळ्यात महाग चूक ही: १.ई४ ई५ २.एफ४ उंट सी५. काळ्याने ई५ चं प्यादं फुकट सोडलंय असं वाटतं आणि हात आपसूक ३.एफ×ई५ (ते प्यादं मारण्या) कडे जातो. लगेच वजीर एच४, शह! राजा ई२ वर सरकवलात तर वजीर ई४ वर मारतो आणि मात, कारण एफ२ घर सी५ च्या उंटाने धरलेलं आहे. मध्ये जी३ घातलंत तर वजीर ई४ चं प्यादं शह देतच उचलतो आणि मग एच१ चा हत्ती जातो. इथे ३.घोडा एफ३ खेळा. घोडा एच४ वर नजर ठेवतो.

काळ्याने दुसऱ्या खेळीला एफ४ चं प्यादं घेतलं तरी आधी तोच घोडा काढा. ३.डी४ करून मध्य बळकावायला गेलात तर पुन्हा एच४ वरून शह, राजा ई२ वर आणि किल्लेकोट (राजा-हत्तीची एकत्र खेळी) कायमचा गेला. ३.उंट सी४ ची गोष्ट वेगळी. तिथे शहानंतर राजा एफ१ वर जाणार हे धरूनच खेळतात. १८५१ मध्ये लंडनला जर्मन खेळाडू अँडरसनने किझेरित्स्कीविरुद्ध हेच केलं आणि डाव जिंकला.

काळा ३...जी५ ने प्यादं राखू लागला की ४.एच४ लगेच खेळा. थांबलात तर उंट जी७ आणि एच६ करून तो प्याद्यांची साखळी पक्की करतो.

काळ्याने खेळणाऱ्यांनो, ४.एच४ नंतर जी५ च्या प्याद्याला एफ६ ने आधार देऊ नका. पांढऱ्याचा घोडा जी५ वर मारतो, तुम्ही घोडा घेता आणि त्याचा वजीर एच५ वरून शह देतो. तुमचा राजा उघडा पडतो. ४...जी४ बरोबर. १९६० मध्ये अर्जेंटिनातल्या मार देल प्लाताला अमेरिकेच्या बॉबी फिशरने सोव्हिएत संघाच्या बोरिस स्पास्कीविरुद्ध तेच खेळलं, स्पास्कीचा घोडा ई५ वर गेला आणि २९ खेळ्यांत फिशर हरला. पुढच्याच वर्षी त्याने ३...डी६ सुचवलं: आधी ई५ घर बंद करा, जी५ नंतर.