प्रीमियम की साधे पेट्रोल? ताकदवान गाडीच्या मालकांनी या चुका टाळाव्यात

पंपावर गाडी लावून काच खाली केली की नोझल हातात घेतलेला कर्मचारी विचारतो, “साधं की पॉवर?” मागची गाडी हॉर्न वाजवत असते, उत्तर द्यायला जेमतेम दोन सेकंद मिळतात आणि बहुतेक जण त्या दिवशी जे मनात येईल ते सांगून मोकळे होतात. टर्बो नसलेल्या कौटुंबिक गाडीत या उत्तराने सहसा काही बिघडत नाही. परंतु छोट्या इंजिनातून मोठी ताकद काढणाऱ्या, टर्बोचार्जर असलेल्या आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत हे उत्तर वारंवार चुकत राहिले, तर त्याची किंमत आधी पिकअपमध्ये आणि नंतर प्लग व पिस्टनच्या रूपाने मोजावी लागते. म्हणूनच हा निर्णय पंपावर न घेता घरीच, गाडीचे कागद समोर ठेवून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगतो.

ऑक्टेनला ताकद समजणे

पहिली चूक “पॉवर” या शब्दातूनच सुरू होते. ऑक्टेनचा आकडा पेट्रोलमध्ये किती ऊर्जा आहे हे सांगत नाही. दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगी पडेपर्यंत ते पेट्रोल आपोआप पेटण्यापासून किती तग धरते, एवढेच तो सांगतो. चाचणीत आयसो-ऑक्टेनला १०० आणि एन-हेप्टेनला ० धरतात व त्या दोघांच्या मिश्रणाशी तुलना करून रिसर्च ऑक्टेन नंबर, म्हणजे रॉन, ठरवतात. टर्बो हवा दाबून भरतो, त्यामुळे सिलिंडरमधला दाब आणि तापमान दोन्ही वाढतात. ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण पेटले, तर धातूवर खडा आपटल्यासारखा टकटक आवाज येतो. यालाच आपण “गाडी नॉक करते” म्हणतो. आधुनिक गाडीतला नॉक सेन्सर ही थरथर ओळखतो आणि इंजिनाचा संगणक ठिणगीची वेळ मागे सरकवतो. इंजिन वाचते, पण ताकद घटते. म्हणजे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल ताकद देत नाही, तर इंजिनात मुळात असलेली ताकद वापरू देते. ज्या इंजिनाला ९१ पुरते त्यात १०० घातल्याने पैसे जातात, दुसरे काही होत नाही.

झाकणाच्या आतला आकडा न वाचणे, किंवा चुकीचा वाचणे

पेट्रोलच्या झाकणाची आतली बाजू एकदा नीट बघा. तिथे चिकटवलेल्या पट्टीवर रॉनचा आकडा असतो. जर्मन गाड्यांवर त्याच्या शेजारी आरओझेड अशी अक्षरे दिसतात. ती याच मापाची जर्मन आद्याक्षरे आहेत, वेगळे माप नव्हे. काही पट्ट्यांवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ९५ आणि ९८. त्यांतला कोणता “किमान” आहे आणि कोणता “शिफारस केलेला”, हे पुस्तिकेत वाचूनच ठरवावे, कारण या दोन शब्दांत मोठा फरक आहे. किमान आकड्यावर गाडी सुरक्षित चालते, परंतु माहितीपत्रकात छापलेली अश्वशक्ती शिफारस केलेल्या आकड्यावरच मिळते. किमान आकड्याच्या खाली जाणे मात्र केवळ नॉक सेन्सरच्या भरवशावर गाडी हाकणे होय.

अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या सांगण्यावरूनही इथे गोंधळ होतो. “माझ्या गाडीला तर ९१ चालतं,” असे मेहुणे फोनवर सांगतात आणि इथला माणूस निश्चिंत होतो. अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा हा रॉन आणि मोटर ऑक्टेन नंबर (अधिक कडक चाचणीतला, रॉनपेक्षा कमी येणारा आकडा) यांची सरासरी असतो. त्यामुळे तिथले ९१ म्हणजे आपल्याकडचे जवळपास ९५ ते ९६ रॉन. तिथे ते प्रीमियममध्ये मोडते. तिथले साधे ८७ हेच आपल्या जुन्या ९१ च्या आसपास येते. अमेरिकी मंचांवरचा सल्ला वाचताना हे रूपांतर आधी करावे.

“प्रीमियम” या नावावर विसंबणे

प्रीमियम हे नाव दोन अगदी वेगळ्या गोष्टींना दिले जाते. एका प्रकारात ऑक्टेन वाढवलेले असते, जसे एक्सपी९५, पॉवर९५ किंवा १०० ऑक्टेनची इंधने. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये एक्सपी१०० आणले, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणे होती. दुसऱ्या प्रकारात ऑक्टेन साध्याइतकेच ठेवून केवळ स्वच्छता करणारी रसायने मिसळलेली असतात. ताकदवान गाडीला आधी आकडा हवा असतो, रसायने नंतर. त्यामुळे पंपावर “प्रीमियम टाका” असे न म्हणता “ऑक्टेन किती आहे?” असे विचारावे आणि मशीनवरचा आकडा स्वतः पाहावा.

रसायनांबद्दलही एक गैरसमज आहे. थेट सिलिंडरमध्ये फवारणी करणाऱ्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून वाहतच नाही, म्हणून कितीही चांगले प्रीमियम भरले तरी त्या व्हॉल्व्हवर साचलेला कार्बन धुऊन निघत नाही. इंजेक्टरची तोंडे स्वच्छ राहतात, हा फायदा खरा आहे. व्हॉल्व्हसाठी मात्र गॅरेजमध्ये कार्बन काढून घ्यावा लागतो.

मशीनवर दिसणाऱ्या डेन्सिटीवरून पेट्रोलचा “दर्जा” जोखणारेही बरेच भेटतात. डेन्सिटी भेसळीचा संशय तपासायला उपयोगी आहे आणि पंपावरच्या नोंदीशी ती ताडून पाहण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. तिच्यावरून ऑक्टेन मात्र कळत नाही.

इथेनॉलचा हिशेब न करणे

साधे पेट्रोल म्हणजे ९१, हा आकडा अनेकांच्या डोक्यात पक्का बसला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने दिलेल्या स्पष्टीकरणानुसार २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे ऑक्टेन ९५ पर्यंत गेले आहे, कारण इथेनॉल स्वतः नॉक होण्याला चांगला विरोध करते. म्हणजे साधे आणि ९५ यांतला ऑक्टेनचा फरक पूर्वीसारखा उरलेला नाही. परंतु आकडा जुळला म्हणून प्रश्न मिटत नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दिलेला होता. जुन्या आयात गाडीत रबरी नळ्या आणि सील यांचाही विचार करावा लागतो. म्हणून आकड्याइतकेच महत्त्वाचे हे की, पुस्तिकेत ई१० (१० टक्के इथेनॉलपर्यंत चालणारी) लिहिले आहे की ई२० (२० टक्क्यांपर्यंत). ई१० लिहिलेली गाडी असेल, तर भरायच्या इंधनात इथेनॉल किती आहे हे पंपावर विचारून घ्यावे आणि प्रीमियम आहे म्हणजे इथेनॉल नसेलच असे गृहीत धरू नये.

कोकणात किंवा गोव्यात गाडी पावसाळाभर झाकून ठेवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते आणि पाणी मर्यादेबाहेर गेले की ते पाण्यासह टाकीच्या तळाशी बसते. वर उरलेल्या पेट्रोलचे ऑक्टेन त्यामुळे खाली येते. अर्धी रिकामी टाकी महिनोन्महिने तशीच ठेवू नये.

प्रत्येक आवाजाचा दोष पेट्रोलवर टाकणे

ही चूक मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी घेतलेली माझी सेकंडहँड टर्बो हॅचबॅक पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात चढावर एकदम खडखडली. गिअर सहावा, इंजिनाचे फेरे मिनिटाला दीड हजारांच्या आसपास, आणि माझा पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला. मी पेट्रोलला दोष दिला आणि पुढचे दोन महिने १०० ऑक्टेन भरत राहिलो. आवाज कमी झाला, पण गेला नाही.

शेवटी गॅरेजमध्ये प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके होते आणि भिंग धरल्यावर त्यांच्यात ॲल्युमिनियमचा एक चकाकणारा कण दिसला. तो पिस्टनचा होता. चारही प्लगवर विटकरी रंगाचा पातळ थर होता. आधीच्या मालकाला फोन केल्यावर त्याचा उलगडा झाला. ते दर टाकीला ऑक्टेन बूस्टरची बाटली ओतत असत. अशा काही बाटल्यांत मँगनीज किंवा लोहाची संयुगे असतात आणि त्यांचे अवशेष प्लगवर नेमके याच रंगाने बसतात. शिवाय “पाच पॉइंट वाढतात” या जाहिरातीतला एक पॉइंट म्हणजे बहुधा ०.१ ऑक्टेन असतो, म्हणजे बाटलीभर खर्च करून अर्धा आकडासुद्धा जेमतेम वाढतो. त्यापेक्षा पंपावरच जास्त ऑक्टेनचे पेट्रोल घेणे शहाणपणाचे आहे.

त्या खडखडीचे मूळ कारण माझ्या गिअरमध्ये होते. टर्बो इंजिनात कमी फेऱ्यांवर मोठा भार टाकला, तर सिलिंडरमध्ये शिरलेल्या इंजिन ऑइलच्या सूक्ष्म थेंबांमुळे ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकते. हा नेहमीच्या नॉकपेक्षा कितीतरी जोरदार धक्का असतो आणि ऑक्टेन वाढवून तो पुरता थांबत नाही. त्यावर उपाय म्हणजे घाटात वेळेवर गिअर खाली घेणे आणि पुस्तिकेत परवानगी असलेल्या ग्रेडमध्ये एपीआय एसपी दर्जाचे (डब्यावर छापलेला अमेरिकी मानकाचा शिक्का) ऑइल वापरणे. हा दर्जा ठरवताना याच त्रासाची चाचणी त्यात घातलेली आहे. मी प्लग बदलले, ऑइल बदलले, चढावर चौथा गिअर धरू लागलो आणि आवाज थांबला. कूलंटचे तापमान, इंटरकूलरवरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीवरचा) चिखल आणि सैल झालेले उष्णतारोधक पत्रे हेही पेट्रोलला नावे ठेवण्याआधी तपासावे.

रीमॅप केल्यावर जुन्याच सवयीने पेट्रोल भरणे

जास्त ताकदीसाठी गाडीचा मॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली फाइल, ट्यूनरकडून बदलून घेतली की झाकणावरची पट्टी निरुपयोगी ठरते. त्यानंतर ट्यूनरने ज्या ऑक्टेनसाठी फाइल लिहिली तोच तुमचा किमान आकडा. तो लेखी घ्यावा. ९८ साठी लिहिलेली फाइल घेऊन लांबच्या प्रवासाला निघताना वाटेत १०० कुठे मिळेल हे आधी पाहावे, कारण मोठी शहरे सोडली की ते सहज मिळत नाही. मिश्रणाचा हिशेब सोपा आहे: टाकीत ९५ चे २० लिटर उरलेले असताना १०० चे ३० लिटर भरले, तर साधारण ९८ मिळते. ठरलेल्या आकड्याचे पेट्रोल दोन टाक्या भरायचे आणि तिसऱ्यांदा दर पाहून खालचे घ्यायचे, ही सवय अशा गाडीला सर्वांत महाग पडते.

फरक जोखतानाही घाई होते. पंपातून बाहेर पडताच “गाडी हलकी झाली” असे वाटते, तेव्हा नळ्यांमध्ये अजून जुनेच पेट्रोल असते. संगणकालाही ठिणगीची वेळ पुढे आणायला काही अंतर लागते. एकाच पंपावर, एकाच मार्गावर, टाकी फुल ते टाकी फुल असे निदान तीन वेळा मोजल्याशिवाय ॲव्हरेजबद्दल बोलू नये.

चुकून कमी ऑक्टेनचे भरलेच तर

टाकी रिकामी करण्याची सहसा गरज नसते. ॲक्सिलरेटर अर्ध्यापेक्षा जास्त दाबू नका, स्पोर्ट मोड बंद ठेवा, चढावर गिअर खाली घ्या, दुपारच्या उन्हात भरधाव ओव्हरटेक टाळा आणि टाकी पाव रिकामी होताच १०० ऑक्टेनने भरून घ्या. या दरम्यान चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला, तर सिलिंडर मिसफायर होत आहे असे समजून गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि पुढचा प्रवास टोइंगच्या गाडीवरून करावा.