कोल्हापुरात पंचगंगेकडेला भाड्यानं घर घेताय?

रमणमळा, नागाळा पार्क, शाहूपुरीची सहावी गल्ली. बाजारपेठ जवळ, नदीचा वारा. पण आधी भिंतीवर पुराची रेघ शोधा. नवा रंग मारला असेल तर मीटरच्या पेटीमागं, जिन्याखाली बघा. नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा, तो छातीला हात लावूनच दाखवतो.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात: ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. ते समोरून येईल असं धरू नका. पंचगंगा फुगली की तिला मिळणारा शहरातला जयंती नाला तुंबतो, पाणी मागं सरतं आणि संडासाच्या भांड्यातून वर येतं. म्हणून तळमजल्याच्या ड्रेनेज पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी बाहेर जाऊ देणारी, पण मागं येऊ न देणारी झडप) मालकाकडून बसवूनच घ्या. जूनच्या आधी तो उघडून साफ करा. झडपेत एक चिंधी अडकली तरी तो असून नसल्यासारखा.

३९ ला गाडी उंचावर लावा, पाण्याची मोटर आणि इन्व्हर्टरची बॅटरी वर न्या. ४३ ची वाट बघणारे मग होडीतून निघतात.

पाणी उतरताना गाळ ओला असतानाच खराट्यानं बाहेर ढकला, वाळला की खरवडावा लागतो. वायरमननं तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही.