शाळेत टीव्ही निर्मिती शिकताय? या चुका टाळा

महाराष्ट्रातल्या काही शाळांत व्यवसाय शिक्षणात ‘मीडिया अँड एंटरटेनमेंट’ हा विषय घेता येतो. सीबीएसईला अकरावी-बारावीत ‘मास मीडिया स्टडीज’ आहे. विषयाचं नाव काहीही असो, प्रात्यक्षिकाला बहुतेक वेळा शाळेचं बातमीपत्रच येतं. रिकामी केलेली एखादी खोली हा स्टुडिओ, आणि सरांचा फोन किंवा शाळेने घेतलेला डीएसएलआर हा कॅमेरा. पहिलं बातमीपत्र फसलं की पोरं म्हणतात, चांगला कॅमेरा पाहिजे. कॅमेऱ्यापायी फसलेलं बातमीपत्र मात्र क्वचितच बघायला मिळतं. घोळ असतो तो आवाजात, उजेडात आणि कोणी काय करायचं हे न ठरवण्यात.

आवाज

‘शूट संपल्यावर ऐकू’ ही सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. चित्र थोडं काळवंडलं तर लोक बघून घेतात, पण शब्द कळले नाहीत की मिनिटाभरात उठून जातात. म्हणून एकाच्या कानाला हेडफोन हवाच, आणि त्याला ‘थांबा, पुन्हा’ म्हणायचा हक्कही हवा.

बऱ्याच शाळांत बोया बाय-एम१ हा वायरचा कॉलर माइक असतो. त्याच्या डबीवर छोटी कळ असते: एका बाजूला स्मार्टफोन, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. माइक डीएसएलआरला लावला आणि कळ फोनच्या बाजूला राहिली, तर आवाज येत नाही किंवा अगदी क्षीण येतो. कॅमेऱ्याच्या बाजूला कळ असताना आतला एलआर४४ सेलही लागतो. काम झाल्यावर कळ परत फोनच्या बाजूला करायची राहिली की पुढच्या तासाला सेल संपलेला.

फोनला ३.५ मिमीचं भोक नसेल तर टाइप-सी अडॅप्टर येतो, आणि फसगत इथेच होते. काही अडॅप्टर फक्त ऐकण्यापुरते असतात. माइक कॉलरला दिसत असतो, पण फोन स्वतःच्याच माइकवर आवाज घेत राहतो. तपासणी सोपी आहे. रेकॉर्डिंग सुरू करा, नखाने आधी कॉलर माइकवर आणि मग फोनच्या खालच्या कडेवर हलकं टिचकवा आणि ऐका. जिथली टिचकी मोठी ऐकू येते, तोच माइक चालू आहे.

माइक हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर लावा. ओळखपत्राची फीत, ओढणी आणि वेणी यांच्यापासून तो लांब ठेवा. ‘खर्र खर्र’ आवाज येतो तो बहुतेक वेळा यांच्याच घासण्याचा, माइक खराब झाल्याचा नव्हे. वायरची एक छोटी गाठ घेऊन ती कपड्याच्या आतून चिकटपट्टीने बसवा.

आवाजाची पातळी हाताने लावता येत असेल तर ऑटो बंद करा. ऑटोमध्ये निवेदक श्वास घ्यायला थांबला की कॅमेरा आवाज आपणहून वाढवतो आणि पंख्याची घरघर वर येते. बोलण्याचे उंच टप्पे उणे १२ डेसिबलच्या आसपास असू द्या. शून्याला टेकलेला आवाज फाटतो, आणि तो संपादनात दुरुस्त होत नाही. पंखा बंदच करा, मे महिन्यातसुद्धा. खोली घुमत असेल तर परिपाठाच्या सतरंज्या जमिनीवर आणि कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर टाका, बराच फरक पडतो. मधल्या सुट्टीच्या घंटेची वेळ कॉल शीटवर (शूटच्या दिवसाच्या वेळापत्रकावर) आधीच लिहून ठेवा.

पट्टे, निळे चेहरे, नाचणाऱ्या चौकड्या

चित्रात काळपट पट्टे सरकताना दिसले की मुलं कॅमेरा बदलतात. कारण विजेत आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट किंवा स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. फोन सहसा सेकंदाला ३० फ्रेमवर, म्हणजे ३० चित्रांवर लावलेला असतो. शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, १/६० सेकंद झालं की प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला उजेडाचा सारखा हिस्सा येत नाही. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा. मग प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन ठोके बसतात आणि पट्टे जातात. दूरदर्शनची २५ फ्रेमची पॅल पद्धत याच ५० हर्ट्झशी जुळणारी होती. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे ‘शो पॅल फॉरमॅट्स’ चालू करावं लागतं. इतर फोनच्या मूळ कॅमेऱ्यात २५ फ्रेम नसतील तर ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखं मोफत अ‍ॅप बघा. डीएसएलआरमध्ये एनटीएससीऐवजी (ही ३० फ्रेमची पद्धत) पॅल निवडा.

एका गालावर खिडकीचा उजेड, दुसऱ्यावर बल्बचा, असा निवेदक निम्मा निळा आणि निम्मा पिवळा दिसतो. दोन्हींपैकी एकच उजेड ठेवा. मग त्या उजेडात पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीचं सेटिंग) लावा आणि तिथेच लॉक करा.

गणवेशाचा शर्ट बारीक चौकड्यांचा असेल तर पडद्यावर त्या चौकड्या नाचतात. कॅमेरा पुढे-मागे करून बघा, नाहीतर सरळ साधा शर्ट घालायला सांगा. संपादनात मागचं दृश्य बदलण्यासाठी हिरवा पडदा वापरणार असाल तर हिरव्या रिबिनी आणि बांगड्या काढायला लावा, आणि निवेदकाला पडद्यापासून पाच-सहा फूट पुढे बसवा. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी हिरव्या पडद्याच्या वाटेला जाऊच नका. शाळेचं ग्रंथालय मागे असलेलं बातमीपत्र कितीतरी बरं दिसतं.

सूचनाफलकाची मराठी

‘विद्यालयाच्या प्रांगणात ध्वजारोहणाचा कार्यक्रम मान्यवरांच्या उपस्थितीत मोठ्या उत्साहात संपन्न झाला.’ हे वाक्य दर वर्षी येतं. झेंडा फडकताना आणि पाहुणे उभे असलेले पडद्यावर दिसतच आहेत. जे दिसत नाही ते सांगा: ‘सकाळपासून पाऊस होता. एनसीसीच्या मुलांनी भिजतच संचलन केलं.’ संहिता दोन रकान्यांत लिहा, डावीकडे चित्र, उजवीकडे शब्द. दोन्ही रकान्यांत तेच आलं असेल तर उजवीकडचं खोडा. ‘२,५००’ लिहिलं की निवेदक अडखळतो, ‘अडीच हजार’ लिहा. लांबी शब्द मोजून ठरवू नका, घड्याळ लावून मोठ्याने वाचा.

सगळ्यांनाच निवेदक व्हायचंय

मग सेटवर सगळ्यांना इशारे देणारा फ्लोअर मॅनेजर कोण, हे शूटच्या दिवशी ठरतं आणि चार जण एकदम ‘अ‍ॅक्शन’ ओरडतात. कामं आदल्या आठवड्यात फळ्यावर लिहा आणि दर बातमीपत्राला फिरवा. दोन-तीन कॅमेरे आणि छोटा स्विचर (एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्याचं यंत्र) असेल तर दिग्दर्शकाने आधी ‘स्टँडबाय टू’ (दोन नंबरचा कॅमेरा तयार राहा) म्हणायचं, मग ‘टेक टू’. नुसतं ‘टू घे, टू!’ ऐकून कॅमेरामन नेमका त्याच क्षणी फ्रेम हलवतो. मुलाखतीत दोघांच्या मधून जाणाऱ्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला सगळे कॅमेरे ठेवा, नाहीतर दोघंही एकाच दिशेला बघत बोलताना दिसतात. प्रत्येक शॉट बोलण्याच्या आधी आणि नंतर पाच सेकंद चालू राहू द्या. त्याशिवाय कट करायला जागा मिळत नाही.

कॅमेऱ्यासमोर येणाऱ्या मुलांच्या पालकांची लेखी परवानगीही आधीच घ्या. चित्रीकरण झाल्यावर एखाद्या घरातून नकार आला तर अख्खी बातमी काढावी लागते.

संपादनाच्या टेबलावर

आवाज आणि ओठ सुरुवातीला जुळतात आणि हळूहळू निसटत जातात, ही फोनच्या फाइलींची तक्रार. बरेच फोन फ्रेमचा वेग कमी-जास्त करत राहतात. संपादनाआधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून फाइल कॉन्स्टंट फ्रेम रेटवर (एकसारख्या वेगावर) काढून घ्या.

नावाच्या पट्टीत ‘विद्यार्थी’मधली वेलांटी भलतीकडे गेली किंवा जोडाक्षर फुटलं, तर फॉन्टला दोष देण्याआधी सेटिंग बघा. प्रीमियर या संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या ग्राफिक्स प्रेफरन्समध्ये टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करावं लागतं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर थेट चिकटवला तर अगम्य चिन्हं उमटतात, तो युनिकोडमध्ये आणा. काहीच जमलं नाही तर पट्टी पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून बनवा. आणि ती अगदी कडेला नको, काही टीव्ही कडा कापतात.

फुटेज व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, दाबलं जाऊन चिखल होतो. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर केबलने. पेन ड्राइव्हमध्ये जागा असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश आला, तर तो ड्राइव्ह बहुधा एफएटी३२ आहे. त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. आतलं सगळं दुसरीकडे काढून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. मूळ कार्ड मात्र दोन ठिकाणी प्रत झाल्याशिवाय पुसू नका.

स्नेहसंमेलनात दाखवायचं असेल तर एच.२६४ एमपी४ फाइल काढा आणि आदल्या दिवशी हॉलच्याच प्रोजेक्टरवर, तिथल्याच स्पीकरवर ती शेवटपर्यंत चालवून बघा.