'पोरगं ऐकतच नाही' असं वहीत लिहिण्याआधी: लहान मुलांच्या विशेष शिक्षकांनी टाळायच्या चुका

दिव्यांग मुलांना शिकवण्यासाठीची विशेष शिक्षणाची पदविका झाली, भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आला, तीन ते सहा वर्षांची मुलं हाती आली, की नव्या शिक्षकांच्या वहीत ठरावीक वाक्यं दिसायला लागतात. 'एका जागी बसत नाही.' 'प्रतिसाद देत नाही.' 'हट्टी आहे.' जळगाव-धुळ्याकडच्या अशा वह्या चाळल्या, की लक्षात येतं, यातली बरीच वाक्यं मुलाबद्दल नसतातच. ती सतरंजीबद्दल असतात, कानातल्या यंत्राबद्दल असतात, नाहीतर आपल्याच बोलण्याबद्दल.

सतरंजीपासूनच सुरू करू.

मेंदूचा पक्षाघात असलेलं मूल आपण सगळ्यांसोबत खाली बसवतो आणि हातात ठोकळे देतो. त्याचा एक हात जमिनीवर टेकलेला असतो, कारण तो काढला तर ते कलंडेल. उरलेल्या एका हातानं ते काय रचणार? वहीत मात्र जातं, 'हातांचा समन्वय नाही.' आधी बैठक नीट करा. कंबर, गुडघे आणि घोटे साधारण काटकोनात, पावलं पूर्ण टेकलेली, पाठीला आधार, पुढ्यात कोपरांच्या उंचीचं टेबल. महागडी खुर्ची येईपर्यंत थांबायचं कारण नाही. रावेर-यावलकडे केळीचे प्लॅस्टिक क्रेट मिळतात. एक उपडा घालून त्यावर घडी केलेली गोधडी टाकली की बसणं झालं, दुसरा क्रेट टेबल म्हणून, कोपरांच्या उंचीला येईल असा. क्रेट भिंतीच्या कोपऱ्यात सरकवला की पाठीला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. पाय लोंबत असतील तर खाली पाट. एवढं झाल्यावर दोन्ही हात मोकळे होतात का ते बघा आणि मगच समन्वयावर लिहा. नेमका आधार किती हवा, हे फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्यावं, आणि भरवतानाही हीच बैठक ठेवावी. मान मागे टाकून पेज घशात ओतायची सवय घराघरांत आहे. त्यानं ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जायची भीती असते.

'बोलत नाही'

कुणी म्हणतं, 'मागून ताट वाजवलं, तर त्यानं वळून बघितलं, म्हणजे कान चांगले आहेत.' ही तपासणी नव्हे. ताटाचा दणका ऐकू येणाऱ्या मुलाला 'स' आणि 'श' ऐकू येत नसतील, तर त्याच्यासाठी आपलं बोलणं अर्धवटच पोचतं. बोलण्यात उशीर असलेल्या प्रत्येक मुलाची कानांची तपासणी आधी, भाषेचे खेळ नंतर. गरज पडली तर बेरा तपासणी (आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का, हे यंत्रानं बघणारी), तीही लवकर.

श्रवणयंत्र मिळालंय म्हणजे ते चालू आहे, असंही धरून चालू नका. रोज सकाळी मुलाच्या मागे बसून, तोंड न दाखवता, आ, ई, ऊ, श, स, म हे सहा आवाज साध्या पट्टीत काढायचे. प्रत्येक आवाजाला त्यानं एक मणी डब्यात टाकायचा. काल जमलेला आवाज आज चुकला तर आधी सेल बघा, मग साच्यात, म्हणजे यंत्राच्या कानात बसणाऱ्या भागात, मळ अडकलाय का ते बघा. यंत्र सारखं शिट्टी मारत असेल तर बहुधा साचा सैल झालाय. या वयात कान वाढतात, साचा बदलावा लागतो. शिट्टीचा वैताग येऊन घरचे यंत्र काढून फडताळात ठेवतात, आणि आपण इकडे 'प्रगती नाही' लिहीत बसतो.

दुसरी गडबड बोलीची. घरी अहिराणी, लेवा, गुजरी, सातपुड्यात भिली नाहीतर पावरी, आणि आपण विचारतो पुस्तकी मराठीत. मूल गप्प. आजी दारातून सांगते, 'मॅडम, घरमा ते भलता बोलस तो' (घरी तर तो खूप बोलतो), आणि आपण ते आजीचं कौतुक म्हणून सोडून देतो. आजीची साक्ष पुरावा म्हणून धरा. मोबाइलवर घरचं बोलणं रेकॉर्ड करून मागवा. 'इकडे ये' ऐवजी 'आठे ये' म्हणून बघा. घरच्या बोलीतही शब्द कमी असतील तर उशीर खरा. घरी भरपूर आणि वर्गात शून्य असेल तर प्रश्न वेगळाच. पालकांना 'घरी फक्त शुद्ध मराठी बोला' असा सल्ला तर मुळीच देऊ नये. बोलीमुळे वाचा अडत नाही, पण घरातलं बोलणंच थांबलं तर उरलंसुरलंही जातं.

'कधीही चावतो'

'कधीही' हा शब्द वहीतून हद्दपार करावा असं माझं मत आहे. त्याऐवजी चार रकाने आखा: वेळ, आधी काय घडलं, मुलानं काय केलं, नंतर आपण काय केलं. चौथा रकाना भरायची लाज वाटते, म्हणून तो बहुतेक वेळा रिकामा सापडतो.

स्वमग्न (ऑटिझम) असलेला साडेचार वर्षांचा मुलगा घ्या. आठवडाभर नोंद ठेवली तर दिसतं, की चावणं खिचडीच्या वेळेच्या आसपासच होतं. कुकरची शिट्टी, फरशीवर आदळणाऱ्या स्टीलच्या ताटल्या, वीस मुलांचा गलका. चावल्याबरोबर मदतनीस ताई त्याला उचलून बाहेर ओट्यावर नेतात. तिथे शांतता. म्हणजे चावलं की सुटका होते, हे त्याला आपणच पक्कं शिकवलंय.

दटावून इथे काही होत नाही. ताटल्या काढायच्या आधीच त्याला ओट्यावर न्या, आणि त्याच ओट्याचा फोटो छापून त्याच्या हाताशी ठेवा. त्यानं फोटो आपल्या हातात दिला की बाहेर, तेही त्या क्षणी, सुरुवातीला प्रत्येक वेळी. बाजारातली रंगीत कार्टून चित्रं इथे कामाची नाहीत. काही मुलांना फोटोही कळत नाही, त्यांना खरी वस्तूच दाखवावी लागते: पाण्यासाठी पेला, बाहेरसाठी चप्पल. आणि चावल्यावर बाहेर नेणं बंद केलं की पहिले काही दिवस चावणं बहुधा वाढतं. जुनी युक्ती चालेना म्हणून मूल जोर लावतं. नवे शिक्षक नेमके इथेच हात टेकतात आणि आराखडा बदलतात. तोवर दुसऱ्या मुलांना जपा, पण आराखडा हलवू नका.

नंदुरबारच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट तपासायची. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेलं मूल अचानक रडतं, काम ढकलून देतं, हात-पाय धरून बसतं, तेव्हा तो हट्ट नसून दुखणं असू शकतं. पाणी पाजा आणि आरोग्य केंद्राला कळवा. एप्रिल-मेमध्ये भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. जे मूल बोलून पाणी मागू शकत नाही, त्याला न मागता पाजायचं, मग सिकलसेल असो वा नसो.

थोडक्यात आटपण्यासारख्या, पण जिवावर बेतणाऱ्या दोन गोष्टी. बोटांच्या व्यायामासाठी शेंगदाणे, हरभरे, मणी देतो, पण जे मूल अजून सगळं तोंडात घालतं त्याला हे देऊ नका; कणकेचा गोळा, मोठी बुचं, कपड्यांचे चिमटे द्या. आणि फिट आली तर कांदा, चप्पल, तोंडात चमचा यातलं काहीच करायचं नाही. कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू हटवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना. मदतनीस ताईंना हे आधीच शिकवून ठेवा, कारण नेमक्या त्या वेळी आपण मीटिंगला असतो.

घरचा अभ्यास कुणाला देता?

आराखड्यात 'आईने रोज अर्धा तास सराव घ्यावा' असं लिहिणं सोपं आहे. दिवाळीनंतर आई कापूस वेचायला जाते, अक्कलकुवा-धडगावकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. मूल आजीकडे किंवा मोठ्या बहिणीकडे. म्हणून जे घरात घडतंच, त्यातच सराव बसवा. अंघोळीनंतर चड्डी घालणं: आजीनं गुडघ्यापर्यंत चढवायची, शेवटचं ओढणं मुलाचं. ते जमलं की आजीनं घोट्यापर्यंतच. शेवटची पायरी मुलाला दिली की काम फत्ते झाल्याचा आनंद त्याचा असतो. 'स्वावलंबन वाढवणे' असं उद्दिष्ट कुणालाच मोजता येत नाही. 'गुडघ्यापासून चड्डी स्वतः ओढतो, पाचपैकी चार वेळा' हे आजीलाही मोजता येतं.

कागदपत्रं

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही म्हणून काम थांबवणं चूक, आणि स्वतःच निदान सांगून मोकळं होणं त्याहून मोठी चूक. ते आपलं कामच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्या दिवशी आपल्या नोंदी घेऊन हजर राहा आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी (तिथे लहान मुलांच्या अडचणींचं निदान आणि उपचार होतात) चिठ्ठी घ्या. दिव्यांग मुलांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल नोव्हेंबर २०२३ मध्ये आला आहे. सेविकाताईंसोबत बसून तो वाचलात तर 'हे आमचं काम नाही' हे वाक्य दोन्हीकडून कमी ऐकू येईल. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज पालकांना लवकर भरायला लावा, सिव्हिलच्या फेऱ्यांना वेळ लागतो.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क, किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना, सहाव्या वर्षापासून अठरापर्यंत आहे. त्यामुळे मूल पहिलीत जाताना फाइल जाते, पण ती कुणी उघडत नाही. वर एक पान वेगळं जोडा, साध्या मराठीत: कुठे बसवायचं, पाणी कसं मागतो, कशानं बिथरतो, बिथरल्यावर काय करायचं, यंत्राचे सेल कुठल्या डब्यात आहेत. आणि ते पान जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींच्या हातात शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात स्वतः नेऊन द्या.