जुनी गाडी घरी उघडताय? या चुका टाळा

खंडेनवमीच्या आधीचा आठवडा आला की माझ्या दारात माणसं यायला लागतात. पावसाळाभर पत्र्याखाली उभी राहिलेली यामाहाची आरएक्स हंड्रेड, वडिलांची हीरो होंडा सीडी हंड्रेड, कुणाची तरी येझ्दी, अशा जुन्या मोटरसायकली. पूजेला गाडी चालू पाहिजे म्हणून घरीच पाना हातात घेतलेला असतो, आणि माझ्याकडे येईपर्यंत मूळ बिघाडात आणखी दोन बिघाडांची भर पडलेली असते. मी पेशानं मेकॅनिक नाही. आमच्या साताऱ्याच्या एमआयडीसीत महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर तयार व्हायची. वडिलांकडे तीच होती आणि तिच्यावरच मी पाना धरायला शिकलो. त्यानंतर गोडोलीतल्या अंगणात जुन्या गाड्या उघडतोय त्याला २५ वर्षं होऊन गेली.

घरी काम करायला माझा अजिबात विरोध नाही. उलट ज्याला आपली गाडी कळते त्याची गाडी जास्त टिकते. पण एक लक्षात घ्या. आरएक्स हंड्रेड १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली. येझ्दीचा कारखानाही १९९६ लाच थांबला. म्हणजे या दोन्हींतली सगळ्यात नवी गाडीसुद्धा तिशीला आलेली आहे. तिचा प्रत्येक बोल्ट आजवर कितीतरी हातांनी उघडलाय. दहा मिनिटांच्या व्हिडिओत नवीकोरी गाडी उघडतात, तशी ही उघडत नाही.

बंद पडली की कार्बोरेटर उघडायचा

ही सवय मला सगळ्यात जास्त खटकते. गाडी अडखळली, काढ कार्बोरेटर. किक बसेना, काढ कार्बोरेटर. कारण पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा हा भाग दोन बोल्टवर सुटतो आणि हातात घेतला की काहीतरी काम केल्यासारखं वाटतं.

मीही ही चूक केली आहे. माझ्या आरएक्सची टाकी रंगवून आणली होती. रंग सुरेख उतरला होता. पहिल्याच रविवारी यवतेश्वरचा घाट चढताना मध्यावर गाडीनं दम तोडला. आधी थोडी अडखळली, मग आवाज बारीक झाला आणि गप्प. बाजूला लावली, दहा मिनिटं थांबलो, किक मारली तर पहिल्या किकला चालू. पुढं दोन वळणं गेलो, परत तेच. घरी आणून कार्बोरेटर काढला, धुतला, बसवला. गल्लीत फिरवली, एकदम झकास. पुढच्या रविवारी घाटात पुन्हा बंद. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तर मी कार्बोरेटरमध्ये नवी जेट, म्हणजे पेट्रोल मापात सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, टाकली होती.

शेवटी वैतागून, पेट्रोल आहे की नाही बघावं म्हणून रस्त्यातच टाकीचं झाकण उघडलं, तर "स्सूं" करून हवा आत ओढली गेली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. झाकणाला हवा आत यायला बारीक भोक असतं, ते रंगाच्या लेपानं बुजलं होतं. पेट्रोल खाली जातंय, वर हवा येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. चढावर पेट्रोल जास्त लागतं म्हणून तिथं लवकर बंद. दहा मिनिटं थांबलं की कुठून तरी थोडी हवा शिरते आणि गाडी पुन्हा सुरू होते. कार्बोरेटर काढताना पेट्रोलची नळी सुटायची, हवा टाकीत जायची, आणि मला वाटायचं की धुतल्यामुळं फरक पडला. भोक मोकळं करायला शिवणाची सुई आणि दोन मिनिटं पुरली.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी टाकीत पेट्रोल आणि कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी. मग झाकण सैल करून गाडी चालवून बघायची. मग प्लग. दहा किक मारून प्लग काढला आणि तो कोरडा असला तर पेट्रोल पोचत नाही, तेव्हाच कार्बोरेटरकडं वळायचं. प्लग ओला असला तर पेट्रोल येतंय, मग ठिणगी बघायची. प्लग टोपीत घालून इंजिनच्या वरच्या भागाच्या, म्हणजे हेडच्या, धातूला नीट टेकवायचा आणि किक मारायची. प्लगचं भोक आणि पेट्रोल दोन्हीपासून लांब टेकवा, भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. निळी, कडक ठिणगी पाहिजे. पिवळसर, मरगळलेली असली तर आधी प्लग बदला, मग टोपी, मग बाकीचं.

आणि कार्बोरेटर उघडायचाच असेल तर जेटमध्ये तार घालू नका. ब्रेकच्या केबलची तार सुटी करून जेट साफ करणारे मी कितीतरी बघितले आहेत. जेट पितळेची, तार पोलादाची. जेटवर जो आकडा असतो तो त्या भोकाचं माप सांगतो. तारेनं एकदा भोक खरवडलं की तो आकडा खोटा झाला, आणि मग ट्यूनिंग आयुष्यभर जमत नाही. मी जेट रात्रभर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवतो, सकाळी पायपंपानं हवा मारतो आणि उजेडाकडं धरून बघतो. पायलट जेटमधून, म्हणजे दोन्हींतल्या बारीक जेटमधून, गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. हवेचं प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हातानं पूर्ण आत फिरवायचा, किती फेरे गेले ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं. लक्षात राहील असं समजू नका, राहत नाही.

जोर लावून आवळणे

माझा भाचा कोरेगावला असतो. मुलगा हुशार, हाताला वळण आहे, पण धीर नाही. त्यानं वडिलांच्या सीडी हंड्रेडचं ऑइल घरी बदललं. इथवर छानच. पण खालचा ड्रेन बोल्ट "सुटायला नको" म्हणून पान्याला पाईप लावून आवळला. पुढच्या वेळी ऑइल बदलायला गेला तेव्हा बोल्ट निघाला, आणि त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळून आली. ते इंजिनच्या केसचे आटे होते. ते बघूनही त्यानं मला फोन केला नाही. बोल्टला पांढरी टेप गुंडाळली, वरून एमसील लावलं आणि गाडी काढली.

रहिमतपूरच्या अलीकडं बोल्ट पडला. या गाडीला ऑइल संपल्याचा दिवा नाही, त्यामुळं कळायला मार्ग नाही. ऑइल रस्त्यावर सांडत गेलं, इंजिन तापलं आणि पिस्टन सिलेंडरला धरला. तेव्हा फोन आला, "मामा, मागचं चाक अचानक जाम झालं." तो पडला नाही हे नशीब. टेंपोत घालून गाडी आणली. सिलेंडर बोअर करून मोठा पिस्टन घालायला कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेला, केसला हेलिकॉईल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी नव्या आट्यांची स्प्रिंग, बसवून घेतली. सगळं जुळून यायला तीन आठवडे गेले. मूळ काम होतं ऑइल बदलायचं.

बोल्ट लोखंडी, केस ॲल्युमिनियमची. भांडणात कायम केसच हरते. या बोल्टला २५ न्यूटन मीटरच्या आसपास आवळ पुरतो. आवळ मोजणारा टॉर्क पाना नसला तर मी असं करतो: बोल्ट आधी बोटांनी फिरवायचा, निदान चार-पाच फेरे. बोटांनी फिरला नाही तर तो वाकडा चढतोय, लगेच काढायचा. मग १७ चा आखूड रिंग पाना घ्यायचा आणि त्याला शेवटाला न धरता मध्यावर धरायचं. वॉशर दबल्याचं हाताला कळतं. त्यापुढं मनगटाचा एक हलका झटका, बस. ऑइल गळायचं थांबतं ते वॉशरमुळं, म्हणून वॉशर दरवेळी नवा घाला. त्याला पैसे वाचवू नका.

प्लगचंही तेच. पान्यानं थेट चढवायचा नाही. तेलाच्या नळीचा एक वीतभर तुकडा मी पेटीत ठेवलाय. त्यात प्लगचं पांढरं टोक अडकवायचं आणि नळीनं फिरवत आत न्यायचा. आटे चुकले तर नळी नुसतीच फिरते, प्लग हलत नाही आणि हेड वाचतं. पूर्ण बसला की नव्या प्लगला पान्यानं अर्धा फेरा. जुनाच प्लग असला तर त्याहून बरंच कमी, कारण त्याचा वॉशर आधीच दबलेला असतो.

आटे गेलेच तर टेप आणि एमसील हा उपाय नाही. गाडी तिथंच उभी करा आणि लेथवाल्याकडं जा.

बाजूच्या कव्हरचे स्क्रू

आरएक्स आणि सीडी हंड्रेडच्या इंजिन कव्हरला अधिकच्या खुणेचे स्क्रू असतात. ते जपानी घडणीचे आहेत. आपल्या नेहमीच्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्यात तळाशी नीट बसत नाही, जोर लावला की वर उसळतं आणि डोकं गोल करून टाकतं. मग छिन्नी, मग ड्रिल, मग रडारड. इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. तो स्क्रूवर टेकवून वरून हातोडा मारायचा, ठोक्यासरशी तो दाबतोही आणि फिरवतोही. घरी काम करणाऱ्यानं पहिली खरेदी हीच करावी असं माझं मत आहे. काढलेल्या स्क्रूंच्या जागी मी षटकोनी खाचेचे ॲलन बोल्ट टाकतो.

या कव्हरचे स्क्रू एकाच लांबीचे नसतात. आखूड भोकात लांब स्क्रू घातला तर तो तळाला टेकतो, कव्हर घट्ट होत नाही आणि आवळत राहिलात तर केस तडकते. माझ्याकडं जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा आहे. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर कव्हरचा आकार काढायचा, स्क्रूच्या जागी भोकं पाडायची आणि जो स्क्रू जिथून निघाला तो तिथंच खोचायचा. गाडी महिनाभर उघडी राहिली तरी घोळ होत नाही. मोबाईलवर फोटो काढताच, जरूर काढा, पण फोटोत स्क्रूची लांबी दिसत नाही.

बाकीचं थोडक्यात

चारचाकीचं उरलेलं ऑइल बाईकला घालू नका. सीडी हंड्रेडसारख्या गाड्यांची क्लचप्लेट इंजिन ऑइलातच बुडालेली असते, कारच्या ऑइलातल्या घसरपट्टी वाढवणाऱ्या द्रव्यांमुळं क्लच स्लिप व्हायला लागतो. डब्यावर "जासो एमए" (ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघून घ्या.

आरएक्सचा ऑइल पंप काढून पेट्रोलमध्ये अंदाजानं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल, ओतणं बंद करा. पंप चांगला आहे. फक्त ऑइलची टाकी एकदा कोरडी पडली तर नळीतली हवा काढावी लागते, आणि ती न काढल्यामुळं पिस्टन धरला की दोष पंपावर येतो. येझ्दीला मात्र मिसळावंच लागतं. मी लिटरमागं ४० मिली घालतो, औषधाच्या मापानं मोजून.

सीडी हंड्रेडचे टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट ठरवणारे स्क्रू, गरम इंजिनवर लावायचे नाहीत. रात्रभर थंड झालेली गाडी, मॅग्नेटवरची (इंजिनबरोबर फिरणाऱ्या चुंबकी चाकावरची) "टी" खूण जुळलेली आणि दोन्ही रॉकर हाताला सैल लागले पाहिजेत. खूण जुळूनही रॉकर ताठ असले तर मॅग्नेट आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. आवाज अजिबात नको म्हणून टॅपेट घट्ट करून घेणारे बरेच भेटतात. घट्ट टॅपेटनं व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. थोडी टिकटिक चालेल.

बुलेटचे पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, कानशीनं घासू नका. बारीक पॉलिश पेपर, मग कोऱ्या कागदाची पट्टी मधून ओढायची, मग फिलर गेजनं, म्हणजे मापाच्या पातळ पट्टीनं, फट बघायची.

वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याखाली जुनी गाडी घालू नका. बादली आणि फडकं पुरतं.

पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं मिळतं. आपल्या भागात हे इथेनॉल उसापासून होतं आणि शेतकऱ्याला त्याचे चार पैसे मिळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि आपल्याकडं पावसाळ्यात ओलीला तोटा नसतो. जून ते सप्टेंबर गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल खालच्या स्क्रूनं काढून टाका. जुन्या रबरी नळ्या आणि कॉकचं पॅकिंग दर वर्षी दाबून बघा. चिकट किंवा फुगलेलं लागलं तर लगेच बदला.

चेनला जळकं ऑइल लावू नका, त्यात इंजिनची सगळी घाण असते. ९० नंबरचं गिअर ऑइल लावा. चेन ताणताना चाक फिरवून ती जिथं सगळ्यात घट्ट लागते ती जागा शोधा आणि ढील तिथं मोजा. अडीच-तीन सेंटीमीटर वर-खाली हललीच पाहिजे.

आणि एक कळकळीचं सांगणं. गाडी मधल्या स्टँडवर लावून, चालू करून, गिअरमध्ये टाकून फिरत्या चेनला फडकं लावणारे लोक मी आजही बघतो. फडकं चेनमध्ये जातं आणि त्यामागून बोट जातं. चेन पुसायची ती इंजिन बंद करून, गाडी न्यूट्रलला टाकून, चाक हातानं फिरवून, फडकं खालच्या बाजूला आणि स्प्रॉकेटपासून वीतभर लांब धरून. मी चेनला हात लावण्याआधी किल्ली काढून खिशात टाकतो आणि प्लगची टोपीही उपसून ठेवतो.