पॅलिएटिव्ह केअर शिकायचंय? तालुक्यात राहून कसं जमवायचं ते सांगतो

तालुक्याला दवाखाना टाकलेली नवी पोरं विचारतात, सर पॅलिएटिव्हचा, म्हणजे आजार बरा होणारा नसला तरी पेशंटचा त्रास कमी करायचा, कोर्स करू का, रजिस्ट्रेशन रिन्यू करायला लागणारे पॉइंट मिळतील का? कौन्सिलची मान्यता असेल तर मिळतात, आधी विचारून घ्या. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला 5 वर्षांत 30 पॉइंट लागतात, आणि खरं सांगू, तेवढे तर जळगाव-धुळ्याला रविवारी लेक्चर ऐकून, जेवून सुद्धा होतात. त्यासाठी हा कोर्स नका करू.

करा यासाठी की आपल्याकडे तंबाखू-गुटख्याचे तोंडाचे कॅन्सर किती येतात ते तुम्ही रोज बघताच, आणि मुंबईहून "आता घरी घेऊन जा" सांगितलं की पेशंट चोपडा, रावेर, शहाद्याला परत येतो तो तुमच्याच दारात. एमबीबीएसला आम्हाला यातलं काही शिकवलं नव्हतं, 2019 च्या नव्या अभ्यासक्रमात आलंय म्हणे थोडंफार.

सुरुवात ऑनलाइन करा. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा बेसिक सर्टिफिकेट कोर्स डॉक्टर आणि नर्स दोघांनाही चालतो, ओपीडी सांभाळून होतो. तिरुवनंतपुरमच्या पॅलियम इंडियाचे पण ऑनलाइन कोर्स आहेत. पण नुसत्या स्क्रीनवर थांबू नका, थोडे दिवस काढून पुण्याला वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह सेंटर नाहीतर परळला टाटा हॉस्पिटलचा पॅलिएटिव्ह विभाग बघून या, राउंडला नुसतं मागे उभं राहिलं तरी लय समजतं.

मॉर्फिनची, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या जोरदार वेदनाशामकाची, भीती जायला हवी, हे पहिलं. तोंडाने द्यायची गोळी, दर 4 तासांनी, दुखायची वाट न बघता घड्याळ बघून, म्हातारा पेशंट असेल किंवा किडनी कमजोर असेल तर डोस कमी आणि मधलं अंतर जास्त. झोपताना डबल डोस दिला की रात्री उठवायला लागत नाही. आणि पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासूनच, कारण मळमळ चार-पाच दिवसांत जाते पण बद्धकोष्ठ काही जात नाही. आता गोळी आणायची कुठून? 2014 ला एनडीपीएस कायदा (अमली पदार्थांचा) बदलला, आता एफडीएने (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) मान्यता दिलेली संस्था साठा ठेवू शकते, पण तिथे ट्रेनिंग झालेला डॉक्टर लागतो. म्हणजे तुमचं सर्टिफिकेट भिंतीवर लावायच्या पलीकडे कामाचं आहे.

छोट्या गोष्टीच जास्त उपयोगी पडतात. गालाला भोक पडलेला एक पेशंट होता, वासामुळे घरच्यांनी खाट बाहेर पडवीत टाकलेली, नातवंडांना जवळ जाऊ देत नव्हते. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या बारीक कुटून रोज ड्रेसिंगच्या वेळी जखमेवर भुरभुरवल्या. खर्च किती, तर काहीच नाही. आठवडाभरात वास इतका कमी झाला की खाट घरात आली, आणि सून पण शेजारी बसून खिमट भरवायला लागली.

बोलण्याचा भाग मात्र सगळ्यात अवघड. कोर्समध्ये रोल-प्ले होतो तो इंग्लिशमध्ये, आणि इथे मुलगा दाराबाहेर कोपरा धरून म्हणतो, "डॉक्टरसाहेब, आबाले काही सांगू नका." आत गेलं तर आबा हळूच, "पोरेसले सांगू नका, माले समजी गयं." दोघं एकमेकांना सांभाळताहेत आणि एका घरात राहून बोलणं बंद! अशा वेळी मुलाशी भांडू नका, भीती कशाची वाटते ते विचारा, मग आबांना विचारा की किती जाणून घ्यायचंय, आणि मग दोघांना एकत्र बसवा. घाई करू नका, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत होतं.

कोर्स संपल्यावर खरी गरज असते ती कुणाला तरी विचारता येण्याची. झूमवर केस डिस्कशन चालतात, पॅलियमचे ईको सेशन (तज्ज्ञांसोबत ऑनलाइन केस चर्चा) आहेत, त्यात नुसतं ऐकत बसू नका, आपली केस मांडा. पेशंटचं नाव काढून दुखणं 10 पैकी किती, झोप, शौच, चालू औषधं आणि घरी करणारं कोण एवढं एका पानावर लिहून ठेवलं तरी पुरतं.

आणि सिस्टरला पण कोर्सला बसवाच, फी तुम्ही भरा. ड्रेसिंगला घरी तीच जाते, रात्री 2 वाजता नातेवाईक फोन पण तिलाच करतात.